वाटीएवढ्या बॉयलरची खंडेनवमी

आमच्या सुखनिवास सोसायटीतला बॉयलर फुटून कामशेत स्टेशनापर्यंतची वस्ती उडणार आहे, ही बातमी मला सगळ्यात शेवटी कळली. बॉयलर माझा होता, तरीही. दूधवाला म्हणाला, "सायेब, उद्यापास्नं पिशवी गेटवरच ठिवतो. तुमच्या जिन्यात यायाचं म्हंजी जरा भ्याव वाटतंय." मी विचारलं, कसलं भ्याव? तेव्हा त्याने मला माझ्याच बॉयलरची माहिती दिली. त्याच्या माहितीप्रमाणे तो दोन मजले उंच होता आणि मी तो मागच्या गॅलरीत लपवून ठेवला होता. दोन मजली वस्तू तळमजल्याच्या गॅलरीत कशी मावेल, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. सोसायटीतही कोणाला पडला नव्हता.

तर आधी बॉयलर केवढा ते सांगून टाकतो. आपण आमटी घेतो ती वाटी डोळ्यांसमोर आणा. तेवढा. त्यात पाणी मावतं अर्धा कप चहाइतकं. खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, पाण्याची वाफ होते, ती बारीकशा नळीतून सिलिंडरात जाते, हरभऱ्याएवढा पिस्टन पुढे-मागे होतो आणि त्याच्या जोरावर पितळेचं चाक फिरतं. झालं वाफेचं इंजिन. सगळं मिळून तळहातावर मावतं. मात्र इंजिन खरं. खेळणं म्हणायचं नाही. त्याला खेळणं म्हणणाऱ्या माणसांशी मी नंतर आठवडाभर तुटकच बोलतो, आणि अशा माणसांत माझी पत्नी शुभदाही येते, त्यामुळे आमच्या घरात बऱ्यापैकी शांतता असते.

"पण ह्याचा उपयोग काय?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता मी उत्तर देत नाही, नुसता सुस्कारा सोडतो. दिवसभर क्रिकेट बघणाऱ्याला कोणी विचारतं का, उपयोग काय म्हणून? पण विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला माणूस गॅलरीत जुनं छोटं लेथ बसवून पितळ कातायला लागला, की सगळ्या जगाला उपयोगाची काळजी पडते.

सामान आणायला गेलो की तिथेही हेच. बाजारपेठेतल्या सत्यमच्या हार्डवेअरच्या दुकानात मी तांब्याच्या नळीचा तुकडा मागितला. कशाला, म्हणाला. बॉयलर करायचाय, म्हटलं. झालं. सत्यमने मला आधी बंब दाखवला, मग गीझर दाखवला, मग सोलरवाल्याचा नंबर दिला. "घरात माणसं किती, काका? त्या हिशोबानं घ्या." मी सांगितलं, आंघोळीसाठी नाही. तर तो आवाज खाली आणून म्हणाला, "काका, तसलं काही काढायचं असेल तर कामशेतात नका काढू. इथं लगेच बातमी होते." मी विम्याचे दावे तपासण्यात जन्म घालवला, माझ्यावर कोणी हातभट्टीचा संशय घेईल असं मला वाटलं नव्हतं. नळी घेऊन निघालो तेव्हा दुकानातली दोन गिऱ्हाईकं माझ्याकडे नव्या आदराने बघत होती.

पिस्टनचंही असंच. पहिला पिस्टन हातातून सुटून जो घरंगळला तो सापडलाच नाही. दुसरा करून ओट्यावर कागदात ठेवला, आणि शुभदेने छोल्यांसाठी भिजवायचे हरभरे त्याच कागदाशेजारी निवडले. जेवताना माझ्या दाढेचा तुकडा पडला. पिस्टनवर ओरखडासुद्धा नव्हता. मी तोंड धरून कळवळत होतो, तरी मनातून खूश झालो, कारण फिनिशिंग म्हणतात ते हे. शुभदा शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "आता दाढही लेथवरच करून घ्या." या वाक्यावर ती स्वतःच इतकी हसली की तिचा ठसका थांबेना, आणि पाणी मला आणावं लागलं.

हे सगळं मी सहन केलं. पण सोसायटीचे चेअरमन हनुमंतराव यांना सहन करणं अवघड होतं. हनुमंतराव माझ्या बरोबर डोक्यावर राहतात. जन्म सरकारी कचेरीत गेलेला, त्यामुळे आवाजावरून माणसाची लायकी आणि कागदावरून वस्तूचं अस्तित्व ठरवायची सवय. लेथची घरघर त्यांना झोपेत ऐकू यायची, जागेपणी ऐकू यायची, आणि एकदा तर मी गावाला गेलो असतानाही ऐकू आली होती. त्यात बॉयलर हा शब्द त्यांच्या कानावर गेला.

"प्रदीपराव, लायसन्स दाखवा."

"अहो, वाटीएवढा आहे."

"आज वाटीएवढा आहे. उद्या?"

जणू मी त्याला खायला घालून मोठा करणार होतो. पण वादात अर्थ नव्हता. मी बॉयलर जेवणाच्या डब्यात घातला आणि पुण्याच्या बॉयलर तपासणीच्या कचेरीत गेलो. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, बॉयलर कुठे आहे? डब्यात, म्हटलं. त्यांनी विचारलं, रेल्वेच्या? मी म्हटलं, जेवणाच्या. आणि डबा उघडून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला. मग शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावलं, त्यांनी आतल्या साहेबांना, आणि बघता बघता माझ्या बॉयलरभोवती सगळी कचेरी गोळा झाली. एकाने चिमणीत फुंकून पाहिलं. यात अंडं उकडेल का यावर चर्चा झाली. साहेब म्हणाले, "छान आहे हो. याला काही परवानगी-बिरवानगी लागत नाही."

"तेवढं लिहून द्या ना."

साहेब गंभीर झाले. "लागते असं असेल तर लिहून देता येतं. लागत नाही ते लागत नाही म्हणून लिहून देत बसलो तर अख्खा जिल्हा रांगेत उभा राहील."

हे उत्तर मी हनुमंतरावांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांना ते मनापासून पटलं. कचेरीच्या भाषेत कचेरीचा माणूस विरघळतो. पण विरघळून ते ज्या निष्कर्षाला पोचले तो असा की कागद नाही, म्हणजे लेथ बाहेर.

सोसायटीची मीटिंग भरली. सगळे माझ्याकडे दयेने बघत होते, आणि मला दया अजिबात सोसत नाही. हनुमंतराव म्हणाले, "इतके महिने आम्ही ही घरघर ऐकतोय. त्यातून निघालं काय? एकदा तरी चाक फिरलेलं कोणी पाहिलंय?"

खरं सांगायचं तर मीही पाहिलं नव्हतं. इंजिन अजून जोडून व्हायचं होतं. पण अपमान झाला की माझी जीभ माझ्या पुढे धावते. मी उठलो आणि म्हणालो, "येत्या खंडेनवमीला पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर इंजिन चालवून दाखवतो. नाही चाललं तर लेथ माझ्या हाताने बाहेर काढीन."

टाळ्या पडल्या. हनुमंतरावांनी ते इतिवृत्तात लगेच लिहून घेतलं. मी खाली बसलो, आणि लेथ गेलं तर सकाळी उठून मी करणार काय, हे मला एकदम दिसलं. नोकरी सुटल्यावर पहिल्यांदा त्या गॅलरीतच मला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं होतं. घरी आल्यावर शुभदेने चहा ठेवला, आणि चहा देताना म्हणाली, "चालेल हो." ती मला चिडवत नाही तेव्हा मला फार भीती वाटते.

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडे सोसायटीची सामुदायिक खंडेपूजा असते. पार्किंगमध्ये सतरंजी घालतात आणि घराघरातून हत्यारं येतात. पाने, पकडी, हातोड्या, ड्रिल, कोयते, पाण्याच्या मोटारीची किल्ली. कोणी तरी कंगवाही ठेवतं, त्याचं सलून आहे. मी आंघोळ करून येईपर्यंत शुभदेने माझ्या गॅलरीतली झाडून सगळी हत्यारं नेऊन झेंडूच्या फुलांखाली मांडली होती. मधोमध पाटावर इंजिन. सकाळच्या उन्हात पितळ असं झळकत होतं की दूधवालाही गेट ओलांडून आत आला.

पूजेला बसल्या कस्तुरामावशी. त्या मूळच्या जवळच्या वडिवळे गावच्या, मुलाकडे इथे राहतात, पण धरणाखालच्या खाचरांतला भात अजून स्वतः उभं राहून झोडून घेतात. त्यांच्या इंद्रायणी तांदळाची पिशवी सोसायटीत ज्याला मिळते तो स्वतःला भाग्यवान समजतो. त्यांनी चष्मा वर करून इंजिन न्याहाळलं.

"लय बारीक हाय वं ह्ये, प्रदीपभाऊ. देवाला दिसंल तरी का?"

इथेही माझी जीभ माझ्या पुढे धावली आणि मी शास्त्रातला एक मुद्दा काढला. पूजा झालेली हत्यारं त्या दिवशी वापरायची नसतात, दुसऱ्या दिवशी सकाळी हलवायची. मग इंजिन चालवायचं कसं? सगळे विचारात पडले. हनुमंतरावांचा चेहरा उजळला. पण मावशींनी क्षणात निकाल दिला. "जुन्या हत्यारांस्नी इसावा. ह्ये नवं हाय. नवा टॅक्टर आणला म्हंजी पूजा करून चालवत न्हाई का? ह्येला चालवायलाच पायजेल."

यावर कोणी अपील केलं नाही. बॉयलरची वरची चकती, म्हणजे पाणी भरायच्या भोकाचं झाकण, मी काढून ठेवली होती. पूजा झाली की गरम पाणी भरायचं आणि झाकण पान्याने आवळायचं, अशी योजना होती. आरती सुरू झाली. मी डोळे मिटून हात जोडले. इतक्या मनापासून मी देवाला बऱ्याच वर्षांत काही मागितलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच कस्तुरामावशींनी हळद-कुंकू वाहून, मुठीने अक्षता टाकल्या. मावशींचा हात मुळात मोकळा.

मी डोळे उघडले, धीर न धरवून आरती संपायच्या आतच पाणी भरलं, झाकण आवळलं आणि पाना मावशींनी बोट दाखवलं तिथे फुलांखाली परत ठेवला. दिवा पेटवला.

सगळे वाकून बघू लागले. पाणी गुणगुणायला लागलं. माझं काळीज त्याहून मोठ्याने गुणगुणत होतं. वाफ व्हायची वेळ झाली. चाक जागचं हलेना. मी बोटाने टिचकी मारली, अर्धा फेरा घेऊन ते पुन्हा थांबलं. आणि मग वास आला.

"भात," दूधवाला म्हणाला.

"इंद्रायणी," कोणी तरी म्हणालं.

"छे, आंबेमोहोर असणार."

"आंबेमोहोर इतका लवकर शिजत नाही."

माझी लाज जायची वेळ आली होती आणि माझ्याभोवती तांदळाच्या जातीवर परिसंवाद रंगला होता. कस्तुरामावशींनी एक खोल श्वास घेतला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "माजाच हाय." त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान दिसला.

मला एकदम उलगडा झाला. अक्षता भोकातून आत गेल्या होत्या. शिजून फुगलेल्या दाण्यांनी वाफेच्या नळीचं तोंड बंद केलं होतं, आणि आत पेज उतू जायला निघाली होती. मी फुंकर मारून दिवा विझवला, पण तेवढ्यात सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला. इथे मला नमूद केलं पाहिजे की तो अगदी जेव्हा उघडायला हवा तेव्हाच उघडला, आणि तो मी स्वतः कातलेला आहे. फिस्सकन कुंकवाची लालभडक पेज उडाली, ती समोर वाकलेल्या हनुमंतरावांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर.

"रक्त! रक्त!" असा गिल्ला झाला. माणसं मोटारींच्या आड पळाली. हनुमंतरावांच्या पत्नी ज्योत्स्नाताई मात्र जवळ आल्या, त्यांनी सदऱ्याला बोट लावून वास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ हवं होतं."

हनुमंतरावांनी सदरा झटकला. "प्रदीपराव, ठरलं ते ठरलं. चाललं नाही."

"दोष इंजिनाचा नाही! झाकण उघडून भात काढला की चालेल."

"मग काढा."

मी पान्याला हात घातला आणि कस्तुरामावशी पान्याच्या आणि माझ्या मध्ये बसल्या. "न्हाई. ह्येची पूजा झालीया. आज हात लावायचा न्हाई."

"मावशी, मघाशी तर मी..."

"मगाशी आरती संपायची व्हती. आता झाली. आता त्यो निजला."

मी विनवणी केली. शुभदेने विनवणी केली. मावशी ढळल्या नाहीत. शुभदा घरून सांडशी घेऊन आली, ती झाकणावरून नुसती घसरत होती. मी रुमाल गुंडाळून बोटांनी पिळायला गेलो आणि बोटं भाजून घेतली. दुसरा पाना कुठून आणावा? सोसायटीतला प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड त्या झेंडूच्या फुलांखाली निजलेली. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचीही पूजा झालेली. अख्ख्या कामशेतात त्या दिवशी जागा पाना मिळणं कठीण होतं. मी पाटासमोर मटकन बसलो. चिडण्याइतकाही जीव उरला नव्हता. गॅलरीतली लेथची रिकामी जागा मला दिसू लागली, तिथे शुभदा कपडे वाळत घालील, आणि मी ते बघत बसेन.

इतक्यात जिन्यावरून गौरव ओव्हाळ उतरला. तिसऱ्या मजल्यावर राहतो, तळेगावच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. दुसऱ्या दिवशी दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्यामुळे तो विहारात रोषणाईच्या माळा लावायला निघाला होता. खांद्यावर माळा, हातात हत्यारांची पेटी. एवढी माणसं खाली मान घालून उभी बघून तो घाबरला. "कोण गेलं?"

शुभदेने त्याला थोडक्यात सांगितलं. त्याने पेटी माझ्यासमोर उघडली. "काका, माझा पाना घ्या. आमच्याकडे खंडेपूजा नसते, त्यामुळे त्याला सुट्टीही नसते."

मी कस्तुरामावशींकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मावशींनी पाना उलटसुलट करून कुठे कुंकू लागलंय का ते तपासलं आणि गौरवच्या पाठीवर थाप मारली. "मंग इतका येळ कुटं व्हतास, लेकरा? ह्यो जागा हाय. घ्या, प्रदीपभाऊ."

हनुमंतराव म्हणाले, "पण पहिल्या प्रयत्नात..."

"इतिवृत्तात 'खंडेनवमीला' लिहिलंय," ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "नवमी अजून आहे. आणि तुम्ही आधी सदरा बदलून या."

झाकण निघालं. आतून गुलाबी मऊ भात निघाला, शुभदेने तो केसांतल्या आकड्याने टोकरून बशीत काढला. मावशींनी शीत बोटांत चिरडून पाहिलं. "चांगला शिजलाय की. वाफ जोरात हाय तुमची." माझ्या इंजिनाची ही पहिली तांत्रिक प्रशस्ती. कढत पाण्याने बॉयलर धुतला, नळी धुतली, सिलिंडर उघडून पुसला, तेलाचा थेंब टाकला. गौरवला विहारात उशीर होत होता, तरी तो माळा खांद्यावर तशाच ठेवून टॉर्च धरून उभा राहिला. पुन्हा पाणी, पुन्हा झाकण, पुन्हा दिवा. मावशींनी या वेळी दोन्ही हात पदराखाली घेतले. त्यांनी सांगितलं, चुकून काही पडायला नको.

पाणी गुणगुणलं. मी टिचकी मारली. चाक अर्धा फेरा फिरलं, अडखळलं, आणि मग कोणी न सांगता, स्वतःचं स्वतः फिरलं. पुन्हा फिरलं. मग थांबेचना. टक टक टक टक करत इतकं जोरात फिरायला लागलं की आरे दिसेनात, नुसता सोनेरी गोल दिसत होता. वाफेचे इवलेसे फुत्कार झेंडूच्या फुलांवर उडत होते.

मी रडलो. सांगायला कशाला लाजू? चारचौघांत, धोतर नेसून, पितळेच्या चाकाकडे बघत रडलो. शुभदा टाळ्या वाजवत होती आणि ओरडत होती, "फेरे मोजा, फेरे मोजा!" आणि कोणालाच मोजता येत नव्हते. गौरवने मला खांद्याला धरून हलवलं. कस्तुरामावशी चाकाला म्हणाल्या, "दमानं, बाळा, दमानं."

हनुमंतराव नवा सदरा घालून परत आले तेव्हा चाक फिरतच होतं. ते गुडघे धरून खाली बसले. मग एक बोट हळूच पुढे केलं, चाकाला लावलं. चाक थांबलं. बोट काढलं. चाक फिरायला लागलं. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. पाणी संपेपर्यंत ते तेवढंच करत होते, आणि दर वेळी त्यांच्या तोंडावर तेच हसू येत होतं. कचेरीत त्यांनी हे हसू कधी कोणाला दाखवलं असेल असं वाटत नाही. शेवटी उठताना ते म्हणाले, "लेथ राहू द्या."

लेथ राहिलं. दसरा झाला, हत्यारं उठली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. हनुमंतराव उभे होते. "ते मशीन सुरू कसं करतात, तेवढं दाखवा. नुसतं बघायचंय." मी दाखवलं. मग म्हणाले, नुसता हात लावून बघतो. मग म्हणाले, ही एवढी एक पितळेची कांब नुसती कातून बघतो. आता ते स्वतःचं इंजिन करताहेत. चहाला खाली येतात ते जेवायच्या वेळेला वर जातात, आणि दुपारची झोप म्हणाल तर ती त्यांनी सोडलीच आहे. माझं दुसरं इंजिन अर्धवट पडलंय, कारण लेथवर माझा नंबर लागत नाही.

परवा मी माझ्याच गॅलरीच्या दाराबाहेर स्टुलावर बसून शुभदेला हेच सगळं सांगत होतो. जरा तावातावाने सांगत होतो, हे कबूल. आतून घरघर थांबली आणि हनुमंतरावांचा आवाज आला.

"प्रदीपराव, हळू बोला हो! मशीनचा आवाज नीट ऐकू येत नाहीये."